शपथेत फोन धरावा का

२४ मार्च, सोमवार

लेक शमिकाने मुंबईहून पाठवलेला कॉर्डलेस फोन आज मिळाला. पार्सलवाला आमच्या खालच्या वाडीत उतरत नाही, म्हणून पावसला जाऊन आणावा लागला. पेटीत एक बेस, दोन हँडसेट, दोन अ‍ॅडॉप्टर, बारक्या बॅटऱ्या आणि मुंगीच्या अक्षरातलं माहितीपुस्तक. सगळं तपासून ताब्यात घेतलं.

या फोनची गरज का पडली ते नोंदवून ठेवतो. आमची वाडी सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पोटात बसलेली. मोबाइलला रेंज हवी तर सडा चढून पाण्याच्या टाकीपाशी जायचं. शमिकाचं लग्न जमवताना देवरूखच्या पाहुण्यांशी सगळी बोलणी मी त्या टाकीपाशी उभं राहून केली. वारा एवढा, की प्रत्येक वाक्य ओरडून बोलावं लागलं, आणि होणारा जावई रितेश याचे वडील अजून समजतात की मी तापट आहे. आता खांबांवरून नवी तार आली आहे. तारवाला डबी बसवून गेला, तिला घरचा फोन लागतो.

मी रत्नागिरी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. गणपतीच्या गर्दीत ज्याने जादा गाड्या लावल्या, त्याला एक फोन लावणं जड नाही. पण पुस्तक वाचून मगच हात लावायचा, हा माझा नियम. पुस्तक म्हणतं, पहिल्यांदा सोळा तास चार्जिंग.

बायको यमुना म्हणाली, "सोळा तास? म्हंजे कडव्या वालासारका भिजत घालायचा."

मग तिने विचारलं, "दोन कशाला दिलेत?" मी सांगितलं, एक ओटीवर, एक स्वयंपाकघरात, आणि दोघांचं आपसातही बोलणं होतं, फुकट. "किती लांबवर?" मी वाचून दाखवलं, मोकळ्या जागेत तीनशे मीटर. "म्हंजे गडग्यापल्याड जातंय?" मी म्हटलं, त्या दगडी कुंपणाशी, गडग्याशी, आपला संबंध काय? ती म्हणाली, "नाय, असंच इचारलं." बायकांना तांत्रिक विषयात एवढा रस मी प्रथमच पाहिला. बरं वाटलं.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी बेसचं बटण दाबून धरलं, टूंक आवाज आला, हँडसेट नोंदले गेले. पहिला फोन शमिकाचाच. मी उचलून म्हणालो, "रांबाडे निवास, खालची वाडी. बोला."

"बाबा, मी कितव्या फलाटावर लागू?" म्हणाली कार्टी.

मग मुद्द्यावर आली. "काकांना आवतण दिलंत?"

पूर्वी अशा प्रश्नाला वारा आडवा यायचा. कॉर्डलेसवर आवाज फार स्वच्छ येतो, हा एक दोष म्हणावा लागेल. मी खोकलो. ती म्हणाली, "खोकू नका. काकांनी मेढ रोवली नाही तर मी तिकडे येणार नाही. आम्ही इथेच रजिस्टर करतो आणि देवरूखला जेवण घालतो."

आमच्या भावकीत लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ, म्हणजे पहिला खांब, थोरल्याने रोवायची. आणि थोरल्याला आवतण पत्रिकेने जात नाही, कुणाच्या हातीही जात नाही. मुलीच्या बापाने स्वतः तोंडाने सांगायचं. लग्न आठ मेला आहे. माझी एकच मुलगी. तिचा मांडव माझ्या अंगणात पडावा, यापलीकडे मला या आयुष्यात काही मागायचं नाही.

पण थोरला म्हणजे गंगाराम, आणि गंगारामशी मी बोलत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

तीन दिवस चिडचिड झाली, म्हणून लिहिलं नाही. आता सविस्तर लिहितो.

गंगाराम माझा सख्खा भाऊ. गडग्यापलीकडचं घर त्याचं. मी त्याला शेजारी म्हणतो. शमिका शाळेत असतानाची गोष्ट. शिमग्याला सोमजाईची पालखी घरोघर येते, तशी आली. रिवाजाने ती आधी थोरल्याच्या अंगणात जायची. त्या वर्षी पालखीवाले माझ्या अंगणात आधी आले. मी बोलावलं नव्हतं. नाचवत नाचवत आले, त्यांना वळण चुकलं असेल. आलेल्या देवीला परत जा म्हणायचं का? नारळ दिला, ओटी भरली. शेजारी म्हणाला, पालखीवाल्यांना वळवायला तू कोंबडा कबूल केलास. मी म्हणालो, देवीला कळतं कुठे आधी जायचं. एवढं पुरलं. दोघे तावातावाने देवळात गेलो आणि देवीसमोर हात ठेवून शपथ घेतली, की यापुढे एकमेकांच्या उंबऱ्यात पाय टाकणार नाही आणि एकमेकांशी बोलणार नाही.

शपथ उतरवता येते. एकाने देवीपुढे उभं राहून "माझं चुकलं" म्हणायचं. तो एक कोण, यावर गाडी अडली आहे.

तेव्हापासून पालखी कुणाच्याच अंगणात जात नाही. गडग्यापाशी मधोमध थांबते. यमुना या बाजूने ओटी भरते, गंगारामची चिमावहिनी त्या बाजूने. दोघींना बराच वेळ लागतो. देवीचं काम आहे, घाई करून चालत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

फोनमध्ये बिघाड आहे. स्वयंपाकघरातल्या हँडसेटची बॅटरी रोज दुपारी उतरलेली असते. ओटीवरचाही संध्याकाळी अर्ध्यावर. मी दुपारी दोन ते चार झोपतो, त्या वेळात फोन कुणी वापरत नाही, तरी बॅटरी जाते. पुस्तकात या लक्षणाचा उल्लेख नाही.

शिवाय आज स्वयंपाकघरातला हँडसेट सापडेना. यमुना म्हणाली, दमट हवेत खराब होईल म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलाय. विचार चांगला आहे. पण डब्यात नव्हता. पुस्तकात यावर उपाय आहे. बेसवरचं बटण दाबलं की हरवलेला हँडसेट वाजतो. दाबलं. वाजला, पण गडग्यापलीकडून.

यमुना म्हणाली, "सड्यावरनं उलटा आवाज येतोय. पडसाद."

पुन्हा दाबलं. पुन्हा पलीकडून. पटण्यासारखं आहे. आमच्या मागची दरड सरळ उभी चिऱ्याची, आवाज आपटणारच. थोड्या वेळाने हँडसेट तांदळाच्या डब्यातच मिळाला. मी नीट पाहिलं नसेल.

जेवताना यमुना म्हणाली, "भावजींचा गुडघा लय सुजलाय." तुला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, तेलाचा वास आला. मी वास घेऊन पाहिला. मला काही आला नाही. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधावा, एवढं मी भिंतीकडे बघून म्हणालो. यमुना म्हणाली, बांधलाय.

४ एप्रिल, शुक्रवार

मांडववाला हुसेन येऊन गेला. गोळपचा आहे, माणूस सरळ. म्हणाला, "काशीरामभाव, मेढ पडल्याबिगर मी बांबू उतरवत नाय. तुमचा रिवाज तुमी करा, बाकीचा मांडव माजा. पण मे महिन्यात मला खंडीभर लग्नं हायत. लवकर सांगा."

संध्याकाळी शमिकाचा फोन. रजिस्टरसाठी कागद काढायला घेते म्हणाली. मी फोन बेसवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसलो. आणि मला एकदम सुचलं.

शपथेत आम्ही "बोलणार नाही" म्हणालो. पण बोलणं म्हणजे काय? माणसासमोर माणूस उभा राहतो, तोंड उघडतो, ते बोलणं. हे यंत्र माझा आवाज घेतं, त्याचं काहीतरी करतं आणि दुसरीकडे तसला आवाज काढतं. स्टँडवर मी भोंग्यातून रोज हजारो लोकांना गाड्यांची सूचना द्यायचो. मी त्यांच्याशी बोलत होतो, असं कुणी म्हणेल काय? कॉर्डलेसवर दिलेलं आवतण शपथेत बसत नाही. उंबराही ओलांडावा लागत नाही.

यमुनाला सांगितलं. ती म्हणाली, "लावा मंग आत्ताच. मी त्यांना हँडसेट नेवन देते." मी म्हणालो, असं परस्पर करता येत नाही. शपथ देवीसमोर घेतली, अर्थ देवीनेच लावला पाहिजे. कौल लावू. ती कपाळाला हात लावून आत गेली. नियमाने चालणाऱ्या माणसाला घरातून पाठिंबा कमीच मिळतो.

८ एप्रिल, मंगळवार

आज देवळात कौल लावला. अनिल गुरवाने सोमजाईच्या पाषाणाला भिजवलेल्या दोन कळ्या लावल्या. उजवी पडली तर फोन शपथेबाहेर, डावी पडली तर शपथेत. सात-आठ गावकर सभामंडपात बसले होते. फोनचा कौल गावात पहिलाच, म्हणून जरा गर्दी.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "आई सोमजाय, हा काशीराम गणू रांबाडे तुज्या पायाशी आलाय, त्याच्या भावाशी त्या बिनतारी फोनवर बोलला तर तुजी शपथ मोडत नाय, असं असंल तर उजवी दे, नि मोडत असंल तर डावी दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

बसलो. कळ्या हलेनात. ऊन डोक्यावर आलं. पंखा लावू का, असं एकाने विचारलं, त्याला सगळे ओरडले. गुरवाची चुळबुळ चाललेली. गुरवाचं लक्ष निवदावर म्हणतात, पण याचं लक्ष बागेतल्या आंब्यावर होतं, त्याचे गडी खोळंबले होते. शेवटी तो उठला.

"देवीला तुमचा प्रश्न कळला नाय."

"म्हणजे?"

"म्हंजे तिला ह्यो फोन म्हायती नाय. सरपंच मोबाइल घेवन येतात, तो तिनं बगितलाय. पूर्वी मास्तरांकडं तारेचा होता, त्येच्याबद्दलपन कौल झालेत. पन कॉर्डलेस तिनं बगितलेला नाय. न बगितलेल्या वस्तूवर ती कशी काय सांगंल? तुमी न बगितलेल्या गाडीला हिरवा झेंडा दाखवाल काय?"

एसटीला झेंडा नसतो, तो रेल्वेला. पण मुद्दा बिनतोड होता.

"तर फोन हितं घेवन या," गुरव म्हणाला, "नि तिला चालवून दाखवा."

१० एप्रिल, गुरुवार

हँडसेट घेऊन देवळापर्यंत चालत गेलो. यमुना ओटीवर दुसरा घेऊन "हॅलो, हॅलो" म्हणत होती. गडग्याच्या कोपऱ्यापर्यंत आवाज ठणठणीत. देवळाच्या वाटेला दरड आडवी येते, तिथे फोन टूंटूं करून मेला. चारदा जाऊन पाहिलं. वाटेत भेटलेल्यांना वाटलं मी टॉवरवाला झालो.

अडचण अशी की माझ्या घरातून देवळापर्यंत हा फोन पोचत नाही. पोचायचा तर बेस दरड आडवी येत नाही अशा, देवळाजवळच्या घरात लावला पाहिजे. देवळाजवळचं घर एकच. मध्ये एक भाताचा वाफा आणि लगेच देऊळ. घर शेजाऱ्याचं.

आता त्याला विचारायचं कसं? त्याच्याशी बोलायला मिळावं म्हणून जो फोन, तो त्याच्या घरी लावण्यासाठी आधी त्याच्याशी बोलायला हवं. या पेचावर मी बराच वेळ विचार करत होतो. यमुना म्हणाली, "मी बगते." आत गेली, भांड्यांचा आवाज झाला, बाहेर आली आणि म्हणाली, "झालं. वयनीनं ओटीवरची फळी मोकळी केलीन. प्लग थोडा ढिला हाय, कागदाची घडी घालतील."

एवढ्यात ही गडग्यापर्यंत कधी गेली आणि आली, मला दिसलंच नाही. वय झालं तरी चपळ आहे.

१३ एप्रिल, रविवार

संध्याकाळी यमुना बेस आणि एक हँडसेट पदराखाली धरून शेजारी घेऊन गेली. मी सोबत सूचनांचा कागद लिहून दिला. बेसवर भिजलेली वस्तू ठेवू नये, हिरवं बटण दाबून बोलावं, लाल बटण दाबून थांबावं. यमुना म्हणाली, "त्यांना येतं."

"त्यांना कसं येईल? त्यांनी कधी पाहिलाय?"

"चेहऱ्यावरनंच हुशार दिसतात," ती म्हणाली. गंगारामच्या चेहऱ्याबद्दल हे मत मी पहिल्यांदा ऐकलं.

आज ओटीवर फळी रिकामी आहे. पंधरा-वीस दिवसांचा फोन, पण जागा ओकीबोकी दिसते. उद्या कौल. मला धाकधूक आहे. डावी कळी पडली तर मग दुसरा मार्ग नाही. शमिका कागदावर सही करून संसाराला लागेल आणि मी इथे सारवलेल्या अंगणात खुर्ची टाकून बसेन.

१५ एप्रिल, मंगळवार

काल लिहिणं झालं नाही. आज सगळं क्रमाने लिहितो.

काल सकाळी देवळात अख्खी वाडी लोटली होती. गुरवाने कळ्या लावल्या. मग माझ्याकडचा हँडसेट घेऊन, स्पीकर चालू करून, तो देवीच्या तोंडासमोर धरला. दुसरा हँडसेट गंगारामकडे, त्याच्या ओटीवर. यमुना आणि चिमावहिनी तिकडेच होत्या.

मी गुरवाला बजावलं होतं की अजून निकाल लागलेला नाही, तेव्हा मी एक अक्षर बोलणार नाही. गुरव म्हणाला, तुम्ही बोलूच नका, बोलायचंय त्याला, आणि तेही देवीशी. दाखवायचा आहे तो फोन.

गुरव फोनमध्ये म्हणाला, "गंगाराम, ऐकतोस? ही आता देवी ऐकते हाय. दुसरं कोन नाय असं समज. बोल काय तरी."

फोनमधून बराच वेळ नुसता घशाचा आवाज आला. मग, "आई सोमजाय, मी गंगाराम गणू रांबाडे बोलतोय. खालची वाडी."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

गाऱ्हाण्याला प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचं, हे इथे पोरांच्या कानाआधी तोंडाला शिकवलेलं असतं. कान ऐकोत न ऐकोत, आवाज थांबला की तोंड म्हणतं.

"फोन बरा हाय. ऐकाया येतंय."

"व्हय म्हाराजा!"

मला वाटलं झालं आता, दाखवून झालं. पण गंगाराम थांबला नाही. इतक्या वर्षांनी समोर कोण नाही असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

"आता तू इचारतेस म्हणून सांगतो," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "त्या साली तू त्याच्या आंगणात आधी गेलीस. गेलीस तर गेलीस. तुला तरी काय, खांदेकरी न्हेतील तिकडं जायाचं. पन मी आंगण सारवून, रांगोळी घालून, नवा सदरा घालून बसलेला. ढोल वाजतोय तो ऐकतोय, नि येत कोन नाय. म्हणून मला राग आला. कोंबड्याचं मी रागानं बोललाव. काश्या कोंबडा द्यायचा नाय. तो चिकट हाय."

"व्हय म्हाराजा!" गावकर म्हणाले. यात इतका जोर लावायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली. देवळातला दिवा विझला, हँडसेट टूंटूं करून गप्प झाला. तिकडे बेसच बंद पडला. गुरव मेलेला फोन तसाच देवीसमोर धरून उभा. पण आवाज थांबला नाही. गंगारामला काही कळलं नव्हतं. तो बंद फोनमध्ये बोलत होता, आणि गाऱ्हाणं म्हणून एवढ्या मोठ्याने, की वाफ्यावरून सरळ देवळात ऐकू येत होतं, स्पीकरपेक्षा स्पष्ट.

"ती पोरगी माज्या खांद्यावर बसून जत्रा बगाया जायाची. साकरपुडा झाला आसं कळलं, त्याच दिवशी मी जावन मेढ तोडून आणलीय. उंबराची, सरळ, माज्यापरीस उंच. मागल्या पडवीत उभी हाय. पाखरं बसतात म्हणून फडका बांधलाय. रोज बगतो तिच्याकडं. पन अजून आवतण नाय. लगीन तोंडावर आलं. मला नाय बोलवलान तर मी त्या मेढीचं काय करू, आई? तूच सांग. जाळून टाकू? चुलीत घालू?"

आणि सगळे गावकर, सवयीने, घसा फोडून म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मग वाफ्यापलीकडून गंगारामचा बारीक आवाज आला, "बरं."

आयुष्यात मी अनेक गाऱ्हाणी ऐकली. त्यात कुणी "नाही" म्हटल्याचं मला आठवत नाही, तसा शब्दच त्यात नाही. पण मी उठलो आणि ओरडलो, "नाय म्हाराजा! नाय, नाय म्हाराजा!" आणि चपला न घालता वाफ्यातून धावत सुटलो. माझ्या मागे गुरव, हातात फोन. त्याच्या मागे गाव.

पोचलो तेव्हा गंगाराम खरोखर पडवीतून मेढ खांद्यावर टाकून, लंगडत, मागल्या चुलीकडे निघाला होता. चिमावहिनी एका टोकाला लोंबकळत होती, यमुना दुसऱ्या. तो रडत होता आणि चालत होता. मी अंगणात उभा राहिलो. त्याच्या उंबऱ्यात पाय टाकला नाही.

"दादा, खाली ठेव ती," मी म्हणालो.

"देवी म्हनली, जाळ."

"देवी नाय म्हणली. ही गाढवं म्हणाली. सवयीनं."

त्याने माझ्यामागे उभ्या गावाकडे पाहिलं. गाव खाली बघायला लागलं.

"मंग देवी काय म्हनली?"

"देवीचं मला माहीत नाही," मी म्हणालो. मला धाप लागली होती, पायात काटा गेला होता, आणि जे तोंडात आलं ते बोललो. "मी सांगतोय. आठ मेला शमीचं लगीन हाय. मांडवाला मेढ तुझी. तू आला नाहीस तर पोरगी येत नाही, आणि पोरगी आली नाही तर मी काय करू? तू ये, दादा. वहिनीला घेऊन ये."

गंगारामने मेढ भिंतीला टेकवली. चांगली होती, माझ्यापेक्षा उंच, मध्ये कुठे वाक नाही. फडक्याने त्याने आधी तिला पुसलं, मग डोळे पुसले.

"हे आवतण धरायचं काय?" त्याने गुरवाला विचारलं.

गुरवाने घाम पुसला. म्हणाला, मी निघालो तेव्हा दोन्ही कळ्या एकदम पडल्या. उजवी आणि डावी, टपकन, बरोबर. म्हणजे काय, असं सगळ्यांनी विचारलं. गुरव म्हणाला, "म्हंजे देवी कंटाळली. तुमचं तुमी बगा म्हनते. आवतण धरा, लगीन धरा. पन शपथ मोडलीत. दंडाचे पाच नारळ."

मी म्हणालो, दंड दादाचा, तो आधी बोलला. लाइट गेल्यावर फोन बंद होता, म्हणजे तो नुसता तोंडाने बोलत होता, आणि मी ते ऐकलं. दादा म्हणाला, मी देवीशी बोलत होतो, तू मधे कान घातलास. समोर येऊन हाक मारून बोललास तो तू. मी म्हणालो, तू उत्तर दिलंस. तो म्हणाला, थोरल्याने उत्तर द्यायचं नाही तर काय. गाव घरोघर गेलं. गुरव आंब्याच्या बागेत गेला. शेवटी अडीच-अडीच नारळ ठरले, तर पाचवा फोडायचा कुणी, यावर अडलं. दादा म्हणतो थोरल्याचा मान. मी म्हणतो लग्न माझ्या घरचं. दादा म्हणतो नियंत्रक असशील तुझ्या स्टँडवर. अंगणातल्या पायरीवर बसून अंधार पडेपर्यंत भांडलो. यमुना आणि वहिनी दोनदा चहा घेऊन आल्या, एकमेकींकडे बघून हसत होत्या, कशाला ते कळलं नाही. बायकांना भांडणाचं गांभीर्य नसतं.

आज सकाळी शमिकाला कळवायचं म्हणून फोनची आठवण झाली. बेस अजून दादाच्या ओटीवर आहे. आता तो आणायला तिकडेच जातो. तसंही माझे दोन मुद्दे काल सांगायचे राहिले.